दस्त्याचा रंग खालून वर

बंदुकीच्या दस्त्याला खरखरीत आणि टिकाऊ रंग द्यायचं ठरलं की माणूस थेट रंगाच्या दुकानात जातो आणि डब्याच्या झाकणावरचा नमुना बघून डबा उचलतो. निम्मा खेळ इथेच बिघडतो. झाकणावर दिसतो तो नुसता पोत. रंग टिकणार की पोपडे धरणार, हे पोताच्या खाली ठरतं. दस्ता कशाचा आहे, त्यावर आधी काय चढवलंय, लाकूड वर्षभरात किती फुगतं-आकसतं आणि ती बंदूक कोण, कशी धरणार आहे, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की डबा निवडणं हे शेवटचं आणि सोपं काम उरतं. म्हणून या प्रकरणात आपण खालून वर जाऊ: आधी तेल, मग लाकूड, मग हात आणि सगळ्यात शेवटी रंग.

नांदेड-लातूरकडे दस्त्याची काळजी असणारी माणसं साधारण तीन प्रकारची. पहिली, एनसीसीत .22 रायफल हाताळून नेमबाजीची गोडी लागलेली आणि आता स्वतःची एअर रायफल घेऊन दहा मीटरवर सराव करणारी पोरं-पोरी. अंजली भागवत यांची सुरुवातही मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतूनच झाली होती, त्यामुळे ही वाट काही नवी नाही. दुसरा, रानडुकरांनी हैराण झालेला आणि आजोबांच्या वेळची एकनळी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर सांभाळणारा शेतकरी. तिसरा, बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन दिवसभर उभा राहणारा सुरक्षारक्षक, बहुधा फौजेतून निवृत्त झालेला. तिघांची बंदूक वेगळी, पकड वेगळी, घाम वेगळा. एकच डबा तिघांना चालेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

जवसाचा जमाना

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगजींच्या शस्त्रांत तलवारी, धनुष्यं, ढाल यांच्याबरोबर एक तोडेदार बंदूकही जपलेली आहे. गुरुजींचं देहावसान इथेच 1708 साली झालं. तेव्हापासून पुढची जवळपास दोनशे वर्षं बंदुकीच्या लाकडाला वाचवायला माणसाकडे तीनच गोष्टी होत्या: तेल, मेण आणि लाख. विसाव्या शतकात .303 ली-एनफिल्ड रायफल हिंदुस्थानी फौजेच्या आणि पुढे पोलिसांच्या खांद्यावर आली, तेव्हाही तिच्या अक्रोडाच्या दस्त्याला दिलं जायचं ते कच्चं जवसाचं तेल. बंदूक-कारागिरांची जुनी रीत अशी: आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा.

जवस म्हणजे मराठवाड्याच्या ताटातल्या चटणीचं तेच जवस. ते रब्बीत पिकतं आणि त्याच्या तेलात एक गुण असा आहे जो शेंगदाण्याच्या तेलात नाही. फळीवर शेंगतेलाचा हात मारून ठेवला तर महिन्यानेही बोट चिकट होतं. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि काही दिवसांत कोरडा, लवचीक पापुद्रा तयार होतो. हे वाळणं पाण्याच्या वाळण्यासारखं नाही. इथे काही उडून जात नाही, उलट हवेतून काही आत येतं आणि तेलाचं वजन वाढतं.

कारण तेलातल्या आम्लांच्या रचनेत आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजन शिरकाव करतो तो या बंधांच्या आसऱ्याने. करडईच्या तेलात दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं, म्हणून ते वाळतं पण सावकाश, आणि पिवळं कमी पडतं. पांढऱ्या, फिकट रंगांसाठी रंगवाल्यांना करडई आवडते ती याच कारणाने. सोयाबीनचं तेल निमवाळ्या जातीचं. लातूरच्या बाजारात सोयाबीन किती येतं हे सांगायला नको. शहरात गळीत धान्यांचं संशोधन केंद्र आहे आणि तिथे काम चालतं ते करडई-सूर्यफुलासारख्या पिकांवर. लोखंडी दाराला आपण जो चकचकीत ऑइलपेंट मारतो त्याची राळ, म्हणजे अल्किड, बनते ती अशाच तेलांना रसायनांशी जोडून. थोडक्यात, बंदुकीच्या रंगाची पहिली दोन प्रकरणं मराठवाड्याच्या शेतात लिहिली गेली असं म्हणायला हरकत नाही.

तेलाचा मोठा गुण असा की ते लाकडाच्या वर बसत नाही, आत मुरतं. त्यामुळे पोपडे सुटण्याचा प्रश्नच येत नाही. ओरखडा पडला तर तिथेच बोटाने थोडं तेल चोळलं की काम झालं. दोष असा की पाण्याची वाफ ते फारशी अडवत नाही आणि पकड देत नाही. घामाने ओला झालेला तेलकट दस्ता हातातून सरकतो.

इथे एक धोक्याची सूचना. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. चिंधीच्या घड्यांत ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

लाकूड वर्षभर हलतं

मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या पार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. ऑगस्टमध्ये तीच हवा ओली. लाकूड या दोन्ही ऋतूंशी जुळवून घेतं. 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रतेत लाकूड पुरेसे दिवस राहिलं तर त्यातला ओलावा साधारण 4 टक्क्यांवर येऊन थांबतो. 27 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेत तो 16 टक्क्यांच्या आसपास जातो. प्रत्यक्षात दस्ता इतकी दोन्ही टोकं गाठत नाही, कारण ऋतू बदलण्याआधी त्याला पुरता वेळ मिळत नाही आणि वरचा थर ओलाव्याची ये-जा मंदावतो. तरी हिशेब करून बघण्यासारखा आहे.

सागवानात ओलावा 1 टक्क्याने बदलला की वर्षवलयांच्या दिशेने लाकूड सुमारे 0.2 टक्के फुगतं किंवा आकसतं. दस्ता 50 मिलिमीटर रुंद असेल आणि ओलावा 10 टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत जवळपास 1 मिलिमीटरचा फरक पडतो. निम्मा बदल धरला तरी अर्धा मिलिमीटर. ज्या रंगाला हे ताणणं-दबणं सोसत नाही तो दोन पावसाळ्यांत केसासारख्या बारीक भेगा दाखवतो. त्या भेगांतून पाणी आत जातं आणि मग रंग आतून सुटायला लागतो. म्हणून दस्त्यासाठी ‘सगळ्यात कडक’ रंग शोधणं ही चूक आहे. हवा असतो तो चिवट रंग.

लाकडाची जातही महत्त्वाची. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या जंगलांत साग आहे आणि स्थानिक सुताराकडून दस्ता करून घेतला तर तो सागाचा किंवा शिसमचा निघण्याची शक्यता मोठी. सागाला वाळवी लागत नाही, पाणी बाधत नाही, ते त्याच्यातल्या नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे. हीच द्रव्यं रंगाची वैरी. ती पृष्ठभागावर येतात, रंगाला धरू देत नाहीत आणि काही रंगांचं वाळणंच रोखतात. शिसमचंही तसंच. म्हणून साग घासल्यावर पहिला हात देण्याच्या थोडंच आधी ॲसिटोन किंवा चांगल्या थिनरने पुसून घ्यावा. चिंधी पिवळट-तपकिरी होते. ती बदलत, रंग उतरेनासा होईपर्यंत पुसावं. रात्रभर ठेवून सकाळी रंगवायला घेतला तर आतलं तेल पुन्हा वर आलेलं असतं. अक्रोडाला हा त्रास जवळजवळ नाही, आणि जगभर दस्त्यासाठी अक्रोड चालतो त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

जुन्या बंदुकीचा दस्ता मात्र वेगळी गोष्ट. पन्नास-साठ वर्षं जवसाचं तेल आणि नळीकडून झिरपलेलं मशीनचं तेल प्यायलेलं लाकूड कितीही पुसलं तरी आतून तेल सोडत राहतं. खडूची पूड थिनरमध्ये कालवून तिचा लेप दिला तर ती बरंच तेल ओढून घेते, पण सगळं नाही. अशा दस्त्यावर पोताचा जाड रंग चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. त्याला तेलच द्यावं. पकड हवी असेल तर चेकरिंग करून घ्यावं, म्हणजे लाकडातच तिरप्या रेषांची जाळी कोरून घ्यावी. कोरलेली जाळी कधी सोलून निघत नाही.

पोत किती आणि कुठे

रंगात पोत घालायचा तो ओल्या हाताला पकड मिळावी म्हणून. तळवा कोरडा असेल तर गुळगुळीत वार्निशही घसरत नाही. घाम आला की त्वचा आणि वार्निश यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि पकड सुटते. पृष्ठभाग खडबडीत असला की घाम खोलगट जागी उतरतो आणि उंचवट्यांवर त्वचा थेट टेकते. यासाठी उंचवटे फार मोठे लागत नाहीत. बारीक रव्याएवढा कण पुरतो. त्याहून मोठा कण तळव्याला टोचतो, बाहीचे धागे ओढतो आणि खोबणीत मळ साठवतो.

दस्त्याच्या सगळ्या भागांना पोत लागत नाही. उजव्या तळव्याखालची मूठ आणि डाव्या हाताखालचा पुढचा भाग, एवढ्या दोनच जागा खऱ्या. गाल टेकतो तिथे पोत अजिबात नको. तासभर सराव झाला की गाल सोलवटतो आणि नेमबाज नकळत डोकं उचलायला लागतो. तिथे गुळगुळीत, मॅट रंग हवा. मागचं टोक खांद्यात बसतं, तिथे रबरी पॅड असतं, त्याला रंगच नको.

वजनाचाही हिशेब करावा. साध्या दस्त्याचं बाहेरचं क्षेत्रफळ दीड हजार चौरस सेंटिमीटर धरलं आणि पोताचा थर 0.3 मिलिमीटर धरला, तर 45 घन सेंटिमीटर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम रंग चढतो. फक्त पकडीच्या दोन जागा रंगवल्या तर त्याच्या एक तृतीयांश.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी याहून मोठी गोष्ट लक्षात ठेवायची. दहा मीटर एअर रायफलला वजनाची मर्यादा 5.5 किलो आहे आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार मूठ, पुढचा भाग आणि दस्त्याचा खालचा भाग यांवर पकड वाढवणारा पदार्थ वेगळा लावता येत नाही. म्हणजे सॅंडपेपरसारखा खरखरीत थर चढवून आलेली रायफल तपासणीच्या टेबलावरच अडकू शकते. ज्याला जिल्ह्याच्या पुढे खेळायचंय त्याने आधी प्रशिक्षकाला विचारावं, मग डबा उघडावा. पॅरिसमध्ये 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. त्या पातळीवरच्या रायफलींचे दस्ते आता बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. गालाची पट्टी, मूठ, खांद्याची कमान यांतलं प्रत्येक अंग स्क्रूने सरकवता येतं. तिथे पकड मिळते ती मूठ हाताच्या मापाची केल्यामुळे, रंगामुळे नव्हे.

डब्यातले पर्याय

आता डबे उघडू. बाजारात पोताचे जे रंग मिळतात त्यांचं वाळणं मुळात दोन तऱ्हांचं. पहिल्या तऱ्हेत विरघळलेली राळ असते. थिनर उडून गेला की राळ मागे उरते. पुन्हा थिनर लागला की ती पुन्हा विरघळते आणि उन्हात मऊ पडते. साधे स्प्रेचे डबे बहुतेक या जातीचे. दुसऱ्या तऱ्हेत रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत येतात. मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन जाळीदार रचना तयार होते आणि ती परत विरघळत नाही. गॅरेजवाले ज्याला टू-के किंवा पीयू म्हणतात तो हा. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे कोच कारखाना उभा राहिला. रेल्वेच्या आधुनिक डब्यांच्या बाहेरच्या अंगाला ऊन-पाऊस सोसायला जो रंग देतात तो याच पॉलीयुरेथेन घराण्यातला.

कोणता डबा कोणत्या तऱ्हेचा हे ओळखायची युक्ती सोपी आहे. रंग पूर्ण आठवडा वाळू द्या. मग थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा वीस-तीस वेळा घासा. बोळ्याला रंग लागला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर तो पहिल्या तऱ्हेचा. दस्त्यासाठी बाद.

हॅमरटोन आपल्या ओळखीचा. लोखंडी कपाटावर, वेल्डिंग मशीनवर, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर तो असतो. हातोडीने ठोकल्यासारखी नक्षी पडते ती रंगातल्या ॲल्युमिनियमच्या कणांमुळे आणि सिलिकोनच्या लेशामुळे. सिलिकोन पृष्ठताण बिघडवतं आणि रंग खळग्या-खळग्यांत गोळा होतो. दिसायला पोत आहे, पण हाताला जवळजवळ गुळगुळीत. धातूच्या भागांवरचे डाग झाकायला छान, पकडीसाठी कामाचा नाही. शिवाय सिलिकोन एकदा लाकडात शिरलं की पुढचा कोणताही रंग तिथे नीट पसरत नाही.

रिंकल फिनिश, म्हणजे सुरकुत्यांचा रंग, जुन्या टाइपरायटरवर आणि कॅमेऱ्यांवर दिसतो. त्यात वरचा थर आधी वाळतो आणि खालचा ओलाच राहतो. मग तापवलेलं दूध निवताना साय आक्रसते तसा वरचा थर गोळा होतो. तो उष्णतेच्या भट्टीत एकसारखा येतो. लाकडी दस्ता भट्टीत घालता येत नाही, आणि नुसत्या उन्हात सुरकुत्या एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ पडतात.

स्टोन फिनिशचे स्प्रे, म्हणजे दगडासारखे ठिपके देणारे, दिवाणखान्यातल्या कुंडीसाठी बरे. त्यांचे कण मोठे आणि राळ कमकुवत. हाताखाली काही दिवसांत कण गळायला लागतात. वर टू-के क्लिअरचे दोन पातळ हात दिले तर आयुष्य वाढतं, पण मग खर्च आणि कष्ट तेवढेच, तर सुरुवातच पीयूपासून का करू नये?

जाळीचा पोत, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे रंगाचे धागे, परदेशातल्या फायबरग्लासच्या दस्त्यांवर नेहमीचा. घट्ट, चिवट राळ कमी दाबाने फवारली की थेंबांऐवजी धागे पडतात. पकड चांगली येते. मात्र धाग्यांची जाडी एकसारखी आणायला हात बसलेला रंगारी लागतो.

पिकअपच्या मागच्या हौद्यात मारतात तो बेडलायनर सगळ्यात दणकट. तो पॉलीयुरेथेनचा किंवा पॉलीयुरियाचा जाड, रबरासारखा थर असतो. दगड-विटा आपटूनही तो सुटत नाही, कारण तो कडक नसतो, चिवट असतो. लाकडाच्या हलण्याबरोबर तो ताणला जातो. अडचण जाडीची. तो अर्धा मिलिमीटर आणि वर सहज जातो, मोठ्या दाण्याचा असतो आणि बारीक कडा, स्क्रूची भोकं, कोरलेल्या रेषा बुजवून टाकतो. पीकराखणीच्या बंदुकीच्या नव्या दस्त्याला चालेल, नेमबाजाच्या रायफलीला जड पडेल.

पावडर कोटिंग लातूर-नांदेडच्या एमआयडीसींत होतं आणि पोताच्या पावडरीही मिळतात. त्यात कोरडी पूड विजेच्या भाराने चिकटवून 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवतात. ॲल्युमिनियमच्या दस्त्याला याहून चांगला रंग नाही. लाकूड त्या उष्णतेत तडकतं आणि प्लास्टिक वाकतं, म्हणून त्या दोघांना हा मार्ग बंद.

उरतो तो पर्याय ज्याकडे मी बहुतेकांना वळवतो: टू-के पीयू मॅट रंग, आणि पकडीच्या दोन जागांपुरते त्यात मिसळलेले बारीक प्लास्टिकचे दाणे. रंगाच्या दुकानात ते टेक्स्चर ॲडिटिव्ह म्हणून मिळतात. वाळू घालू नका. ती जड असते, डब्याच्या तळाशी बसते आणि तिच्या धारदार कडा हात सोलतात. स्प्रे गन नसेल तर दाट पीयू स्पंजच्या रोलरने टेकवत-उचलत लावला तरी बारीक, एकसारखा पोत येतो.

खालचा थर

सागासाठी क्रम असा. जुनं पॉलिश किंवा मेलामाइन पूर्ण काढायचं. 120 आणि मग 150 नंबरच्या पेपरने घासायचं आणि तिथेच थांबायचं. 400 पर्यंत गुळगुळीत केलं तर रंगाला धरायला जागा उरत नाही. थिनरने पुसायचं. मग टू-के सीलर पातळ करून पहिला हात द्यायचा, म्हणजे तो रेषांत मुरतो. तो वाळल्यावर हलकं घासून दुसरा हात. मोठी भोकं लांबीने भरायची, पण लाकडाच्या भेगेत लांबी भरून ती लपवायची नाही. भेग हलते आणि लांबी बाहेर पडते. मग रंग, शेवटी पोत.

प्लास्टिकच्या दस्त्यांत सावध राहावं. काही नायलॉनचे असतात, त्यांवर रंग धरतो. काही पॉलीप्रोपिलीनचे, त्यांवर कुठलाच रंग नीट धरत नाही. मोटारीचे बंपर याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, म्हणून बंपर रंगवणाऱ्या गॅरेजवाल्याकडे त्यासाठीचा वेगळा प्लास्टिक प्रायमर हमखास असतो. त्याचा एक पातळ हात आधी दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नायलॉनचा दस्ता स्वच्छ झाला का, हे पाणी सांगतं. ओतलेलं पाणी एकसंध पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, मण्यांसारखे थेंब झाले तर अजून तेल आहे.

आतल्या खाचेत, जिथे लोखंडी यंत्रणा बसते, पोत जाऊ देऊ नका. तिथे सीलरचे एक-दोन पातळ हात पुरेत, म्हणजे ओलावा त्या बाजूने शिरणार नाही. जाड रंग गेला तर यंत्रणा नीट बसत नाही आणि नेम हलतो. ज्या रायफलीत नळी दस्त्याला टेकत नाही, तिच्यात रंगानंतरही नळीखालून कोरी नोट विनाअडथळा सरकली पाहिजे.

फळीवरची परीक्षा

दस्त्याला हात लावण्याआधी त्याच लाकडाची वीतभर फळी घ्या. मधोमध पेन्सिलने रेघ मारा. डावी बाजू थिनरने नीट पुसा, उजवी तशीच ठेवा. दोन्हींवर ठरलेला सीलर आणि रंग चढवा, पोत नको. आठ दिवस थांबा. मग नव्या पात्याचा पेपर कटर घेऊन प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटरच्या अंतराने सहा उभे आणि सहा आडवे छेद द्या, पातं लाकडापर्यंत पोचेल इतके. पंचवीस चौकोन होतात. मऊ ब्रशने भुसा झटका, चांगली चिकटपट्टी नखाने दाबून बसवा आणि मिनिटाभराने एका दमात ओढा. पट्टी उजेडात धरा. डाव्या बाजूच्या पट्टीवर कडांचे चार-दोन कण असतील तर काम पक्कं. उजव्या बाजूच्या पट्टीवर सगळेच्या सगळे चौकोन आले तरी आश्चर्य वाटायला नको. रंग कारखान्यांतही चिकटण्याची परीक्षा याच पद्धतीने घेतात.

त्याच फळीवर आणखी दोन थेंब टाकून बघा. एक बंदुकीच्या तेलाचा, दुसरा डास पळवणाऱ्या मलमाचा. अनेक मलमांत डीट असतं आणि डीट वार्निश व प्लास्टिक मऊ करतं. रात्री राखणीला बसणाऱ्याच्या हाताला ते मलम असणारच. पीयू टिकतो, साधा स्प्रे चिकट होतो.

ऋतू आणि श्वास

मराठवाड्यात हे काम करायचं ते दिवाळी ते होळीच्या दरम्यान. तेव्हा लाकूड आपल्या दोन टोकांच्या मध्ये असतं आणि हवाही साथ देते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की हार्डनरची क्रिया दुपटीने वेगवान होते. जानेवारीत चार तास चालणारं मिश्रण मेमध्ये तासाभरात डब्यातच घट्ट होतं आणि फवारलेला थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो. पावसाळ्यात उलट संकट. हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंगात फोड येतात.

आयसोसायनेट छातीलाही घातक आहे. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे अत्यल्प वाफेनेही झटका येतो. कापडी किंवा धुळीचा मास्क ते अडवत नाही. घरात, बंद खोलीत पीयू फवारू नये. एक तर रोलरने उघड्यावर लावावं किंवा मोटारी रंगवणाऱ्या, योग्य सोय असलेल्या रंगाऱ्याकडून फवारून घ्यावं.

कागदपत्रं

0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 जूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्यामुळे तिचा दस्ता घरी रंगवायला अडचण नाही. परवान्याच्या बंदुकीचं तसं नाही. शस्त्र अधिनियम 1959 नुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो आणि शस्त्रावरची ओळखीची खूण पुसणं हा गुन्हा आहे. रंगरंगोटी दुरुस्तीत मोडते की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा ते काम परवानाधारक कारागिराकडे द्यावं. क्रमांक कोरलेल्या जागी पट्टी चिकटवून ती मोकळी राहील असं बघावं. एनसीसीची रायफल सरकारी आहे, तिला कॅडेटने कुठलाच रंग लावायचा नाही. आणि बंदूक कुठलीही असो, ती रिकामी आहे हे दोनदा बघून, दस्ता वेगळा काढूनच कामाला लागावं.

आता तिघांचा निकाल. एअर रायफलवाल्या पोरीने फळीवरची परीक्षा घेऊन मॅट पीयू द्यावा, आणि स्पर्धेचा विचार असेल तर पोताचा मोह टाळावा. शेतकऱ्याने आजोबांच्या दस्त्याला जवसाचं तेल चालू ठेवावं आणि चेकरिंग करून घ्यावं. नवा सागाचा दस्ता केलाच तर मुठीला आणि पुढच्या भागाला दाणेदार पीयू. बँकेच्या दारातल्या रक्षकाला मुठीवर बारीक पोत आणि बाकी सगळीकडे पुसून निघेल असा गुळगुळीत मॅट रंग पुरे. काळा की मातकट हिरवा, हा प्रश्न त्यानंतरचा आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीचा. फक्त मे महिन्यात उन्हात उभं राहायचं असेल तर काळा नको. उन्हातली काळी वस्तू 60 अंशांच्या पुढे सहज जाते, आणि तेव्हा पोत कितीही चांगला असला तरी दस्ता हातात धरवत नाही.